शेरास दुसरा शेर

परवा मेलबर्नहून सूनबाईंचा फोन आला. हल्लीचे फोन नुसते ऐकायचे नसतात, बघायचेही असतात, त्यामुळे मी घाईघाईनं गंजिफ्रॉकावर सदरा चढवला. पण तिला माझं तोंड बघण्यात रस नव्हता. "बाबा, आई नाहीयेत का? बरं, तुम्हीच सांगा. वाटी म्हणजे किती ग्रॅम?"

माझी उभी हयात हिशेबखात्यात गेली. प्रश्न आला की उत्तर द्यायचं नाही, आधी खुलासा मागवायचा, ही आमच्या खात्याची शिस्त. त्या शिस्तीला जागून मी विचारलं, "रिकामी की भरलेली?"

"बाबा!"

"अगं, रिकामी आत्ता सांगतो. थांब." मी आमटीची वाटी काट्यावर ठेवली. "ऐंशी ग्रॅम."

"भरलेली हो!"

"कशानं?"

"तांदळानं. आणि मग गुळानं. मला अनारसे करायचेत."

स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आल्या. आमच्या घरात 'अनारसा' हा शब्द तेहेतीस वर्षं फार जपून उच्चारला जात असे. हिनं माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि म्हणाली, "ग्रॅमबिम काही लिहून घेऊ नकोस. मी सांगेन. पण असं उभ्याउभ्या नाही." फोन बंद झाला. माझ्यापुढे मात्र काटा होता, वाटी होती आणि निवृत्त माणसाला असते तेवढी दुपार होती.

हा काटा माझ्या मुलानं मी किती खातो ते मला कळावं म्हणून आणून दिलेला आहे. त्यावर मी एकच वाटी पाळीपाळीनं भरून ठेवत गेलो. पाणी भरलं १५० ग्रॅम. साखर १३०. तांदूळ १२५. रवा १०५. तूप १३७, ते परत बरणीत काढताना जे वाटीला राहिलं त्याचा हिशेब हिनं वेगळा घेतला. पातळ पोहे पंचवीस ग्रॅमसुद्धा भरेनात. आणि बेसनानं तर माझी अब्रूच काढली. अलगद भरलं तेव्हा ७० ग्रॅम. वाटी ओट्यावर दोनदा आपटून पुन्हा भरली तेव्हा नव्वदच्या पुढे. वाटी एक, माणूस एक, बेसन एका डब्यातलं, आणि उत्तरं दोन. एखाद्या कारकुनानं असा ताळेबंद माझ्यापुढे ठेवला असता तर मी त्याला घरी बसवला असता.

काय होतं, की पिठाच्या वाटीत नुसतं पीठ नसतं, हवाही असते. ती किती असावी हे पीठ कसं दळलं, चाळलं की नाही, आणि भरणाऱ्याचा स्वभाव कसा आहे यावर ठरतं. सढळ हाताची बाई आणि चिकट हाताची बाई यांची 'एक वाटी' सारखी नसते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. काट्यानं मला तेच आकड्यांत सांगितलं.

हा घोळ आजकालचा नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्रोण नावाचं धान्याचं माप आहे. ते केवढं? तर २०० पल वजनाचे माष, म्हणजे उडीद, मावतील एवढं. बघा, नुसतं '२०० पलांचं माप' म्हणून भागलं नाही. दाणा कुठला तेही सांगावं लागलं, कारण माप तेच ठेवून दाणा बदलला की वजन बदलतं. पण गंमत त्याच्या पुढं आहे. हा २०० पलांचा द्रोण राजाच्या उत्पन्नाचा. बाजारातल्या व्यवहाराचा द्रोण १८७½ पलांचा. नोकरचाकरांना द्यायचा तो १७५ चा. आणि अंतःपुरात द्यायचा तो १६२½ चा. नाव चौघांचंही द्रोणच. घेताना सर्वांत मोठा, देताना लहान, आणि सर्वांत लहान तो घरातल्या बायकांना. सगळ्यांची जेवणं झाल्यावर घरच्या बाईच्या पानात काय उरतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

माप आणि वजन यांचं एकदा कायमचं लग्न लावून टाकावं असं युरोपातल्या शहाण्या लोकांनाही वाटलं. १७९५ साली फ्रेंचांनी नवी दशमान मापं काढली आणि पाण्यावरून वजन ठरवलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १८२४ साली इंग्रजांनी आपला गॅलन दहा पौंड पाण्याएवढा ठरवला. या दोन राष्ट्रांचं कशावरही एकमत होत नसे, पण पाण्याचा साक्षीदार दोघांनीही मानला. तेव्हा पाण्यापुरतं हे लग्न सुखाचं झालं. अडचण एवढीच, की नुसत्या पाण्याचा पदार्थ कुठल्याही घरात करत नाहीत. वसतिगृहातली आमटी आपण सोडून देऊ.

स्वयंपाकघरात हे भांडण मिटवायला निघालेली बाई अमेरिकेतली. फॅनी फार्मर तिचं नाव. बोस्टनच्या पाकशाळेची ती मुख्य होती. तोवर तिकडच्या पाककृतींतही आपल्यासारखाच कारभार असे. चहाचा कप, कुठलाही. लोणी किती, तर अंड्याएवढं. कोंबडी कुठली, ते विचारायचं नाही. १८९६ साली फॅनीबाईंनी पुस्तक काढलं आणि सांगितलं, की कप ठरावीक मापाचा घ्या, चमचा ठरावीक घ्या, आणि वर सुरी फिरवून तो सपाट करा. प्रकाशकाला या पुस्तकाचा इतका भरवसा वाटला, की पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च त्यानं बाईंनाच करायला लावला. पुस्तक पुढं धो धो खपलं. अमेरिकन बायका आजही पीठ कपानं मोजतात याचं पुष्कळसं श्रेय त्या सुरीला आहे.

पण कपाला पाय फुटले की पुन्हा घोटाळा. अमेरिकन कप साधारण २३७ मिलिलिटरचा. आमच्या सूनबाईंच्या ऑस्ट्रेलियात तो २५०. जपानात २००, पण तांदूळ मोजायचा असला तर १८०. मोठा चमचा अमेरिकेत १५ मिलिलिटरचा आणि ऑस्ट्रेलियात २० चा. म्हणजे अमेरिकन पुस्तक उघडून मेलबर्नला तीन चमचे तेल घातलं, की चार पडलंच. सपाट करायला सुरी आहे हो, पण समुद्र सपाट कोण करणार?

आपल्याकडे याच्या उलट होतं. आपल्याकडे सुरी नव्हती, शीग होती. मापाच्या काठावर धान्याचा जो डोंगर उभा राहतो तो शीग. घेणारा म्हणे शिगोशीग भर, देणारा तळहात फिरवून काठाशी आणी. या दोघांच्या मधल्या जागेत 'मापात पाप' ही म्हण जन्माला आली असावी.

आता शेराकडे येतो. या सगळ्या पुराणातला खलनायक तोच आहे.

माझ्या पिढीनं कोष्टकं पाठ केली. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली. पुढं मण आणि खंडी. मणाच्या पायल्या कुठं बारा, कुठं सोळा. ते गावावर आणि गुरुजींवर अवलंबून. ही सगळी मापं. यांत धान्य भरायचं असतं, तोलायचं नसतं.

आणि दुसरं कोष्टक वजनाचं. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर, मण. हा शेर तागडीत बसणारा. १८३३ साली कंपनी सरकारनं ठरवलं, की एक रुपया म्हणजे एक तोळा वजन, ऐंशी तोळ्यांचा एक शेर आणि चाळीस शेरांचा मण. पण ठरवलं कलकत्त्यात, आणि मुंबई काही कलकत्त्याचं ऐकणारी नव्हे. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा होता आणि त्याचेही शेर चाळीसच. म्हणजे मुंबईचा शेर आजच्या हिशेबानं ३१७ ग्रॅमचा, आणि ऐंशी तोळ्यांचा ९३३ ग्रॅमचा. बंगालमधून मुंबईला आलेल्या शेराची वाटेतच दोन तृतीयांश झीज व्हायची. आज कल्याणच्या पुढं लोकलच्या गर्दीत माणसांची होते तशी.

तर असे हे दोन शेर, मापाचा आणि वजनाचा. नाव एक, घराणी दोन. 'शेरास सव्वाशेर' म्हणणाऱ्यांनी सव्वाशेराची चौकशी केली, पण पहिला शेर कुठला, हे कुणी विचारलं नाही.

ही सगळी कोष्टकं आम्ही छड्या खाऊन पाठ केली आणि सरकारनं ती रद्द केली. १९५६ साली कायदा झाला. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले. १९५८ च्या ऑक्टोबरात किलो आला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. १ एप्रिल १९६२ पासून किलोची सक्ती झाली. वाण्याच्या दुकानात देवाच्या तसबिरीखाली तक्ता लागला: १ तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, १ शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. गिऱ्हाईक आधी देवाला नमस्कार करी आणि मग तक्त्याकडं संशयानं बघे. वडील म्हणत, "दशमान पद्धत शास्त्रीय आहे." आई म्हणे, "असेल. पण शेरात काय वाईट होतं?" भाजीवाल्यांनी मात्र सरकारचाही मान राखला आणि शेराचाही. आजही मंडईत 'पावशेर' मागितलं तर पाव किलो मिळतं. शेर गेला, पाव राहिला.

त्या तक्त्यात एक गोष्ट नव्हती आणि ती पुढं आमच्या घराला फार महाग पडली. ९३३ ग्रॅम हा वजनाचा शेर. मापाच्या शेराचे ग्रॅम किती? ते सांगताच येणार नाही, कारण कशाचा शेर, ते ठाऊक हवं. पण दोघांचं नाव एकच. त्यामुळं आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं, की शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. विषय संपला.

विषय संपला नव्हता. आईच्या वहीत होता.

माझ्या आईची एक वही होती. १९४२ साली लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं सांगितलेलं तिनं त्यात बोरूसारख्या टप्पोऱ्या अक्षरात उतरवलेलं. त्यात अनारशांना दीड ओळ होती. 'तांदूळ एक शेर, गूळ एक शेर, तूप चमचा, खसखस लागेल तशी.' बस्स. आई दर दिवाळीला अनारसे करी. तीन दिवस तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग पंचावर पसरून ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे, गूळ घालून गोळा मळून डब्यात मुरत ठेवायचा. आणि मग दिवाळीच्या तोंडावर मंद आचेवर, खसखशीची बाजू वर ठेवून, एकेक अनारसा झाऱ्यानं तूप उडवत तळायचा. जाळी अशी पडायची, की पलीकडचं दिसावं.

१९७५ साली आमचं लग्न झालं. ही नोकरी करणारी. सकाळी आठ-सतराची गाठायची. त्यामुळं अनारशांच्या कारखान्यात तिला खसखस निवडण्यापलीकडं बढती मिळाली नाही. १९८६ साली आई गेली. त्या दिवाळीला हिनं मोठ्या निष्ठेनं वही काढली. तक्ता तोंडपाठ होताच. तांदूळ ९३३ ग्रॅम, गूळ ९३३ ग्रॅम, तराजूत तोलून घेतले. सगळं वहीबरहुकूम केलं. पहिला अनारसा तुपात सोडला, आणि तो हसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अनारसा हसतो म्हणजे त्याला आनंद होतो असं नाही. तो कढईत पसरतो, विरघळतो आणि तुपात त्याचा भुगा होतो. गूळ जास्त झाला की हे होतं. त्या दिवशी एकूण एक अनारसे हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

चार जणींनी चार सल्ले दिले. पिठात तांदळाची पिठी घाल, गूळ कमी कर. १९७० साली निघालेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' घरात होतंच. वाटी-चमच्याच्या मापानं सगळं सांगणारं ते पुस्तक आमच्या पिढीतल्या पुष्कळ सुनांची दुसरी आई. इकडून तिकडून विचारून हिनं अनारसे केले, आणि ते चांगले झाले. पण हिचं समाधान होईना. "सासूबाईंच्या प्रमाणानं का होत नाहीत?" दर दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा वही काढी, पुन्हा ९३३ तोले, आणि पुन्हा ते हसत.

याला तेल घातलं माझ्या बहिणीनं. तिला खेड्यात दिलेली. तिनंही आईच्या वहीतली तीच दीड ओळ उतरवून नेलेली. एका दिवाळीला ती डबा घेऊन आली, आणि आत हुबेहूब आईचे अनारसे. "वहिनी, आईच्याच प्रमाणानं करते हो मी. शेराला शेर." ती बिचारी सरळ मनानं बोलली. पण रात्री ही मला म्हणाली, "लेकीला एक सांगितलं आणि सुनेला एक लिहून ठेवलं."

मी म्हटलं, "अगं, वही तुझ्या लग्नाच्या आधीची आहे."

"मग खाडाखोड केली असेल."

वाचकहो, यावर नवऱ्यानं बोलायचं नसतं. मी बोललो नाही. पण तो काटा तिच्या मनात राहिला. आईवर तिचा राग होता असं नव्हे. आईच्या शेवटच्या आजारपणात तिनं जेवढं केलं तेवढं मीही केलं नाही. म्हणून तर तिला ते जास्त लागलं. एवढं करूनही शेवटी आपल्याला परकंच धरलं, असं तिला वाटे. दिवाळीत फराळाचं ताट पुढं आलं, की अनारशाकडं बघून ती एक क्षण गप्प होई. तेहेतीस वर्षं.

२०१९ च्या फेब्रुवारीत मुलाचं लग्न झालं. वरात दारात येणार, नव्या सुनेनं माप लवंडून घरात यायचं, म्हणून ही माळ्यावरून घरचं माप काढायला लागली. शेराचं जुनं पितळी माप, काठाला जाड कडं. हेच माप १९७५ साली हिनं स्वतः उजव्या पायानं लवंडलं होतं. त्यानंतर कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला ते खाली उतरे आणि पुन्हा वर जाई. ते घासूनपुसून हिनं उंबऱ्यावर ठेवलं, तांदळाची किलोची पिशवी फोडली आणि ओतायला लागली.

पिशवी संपली. माप भरलं नाही.

ही तशीच उकिडवी बसून राहिली. बाहेर बँड वाजत होता. "अहो," ती म्हणाली, "हे शेराचं माप ना?"

"हो."

"शेर म्हणजे नऊशे तेहेतीस. आणि हे किलोनं भरत नाहीये."

मी म्हटलं, "दुसरी पिशवी फोड. वरात आली." हिशेबखात्यात जन्म गेलेला माणूस मी, पण चूक डोळ्यांपुढं उभी असताना मला ती दिसली नाही. तिला दिसली. सून माप लवंडून आत आली, तांदूळ घरभर पसरले, फोटो निघाले, आणि सासू होऊन पुरती पाच मिनिटं न झालेली आमची ही त्या तांदळाकडं हिशेबाच्या नजरेनं बघत होती.

पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघांनी माप सपाट भरून तांदूळ तोलले. १ किलो १५० ग्रॅम.

मग एकेक उलगडत गेलं. आजीच्या काळी धान्य कधी कुणी तोलतच नसे. ते मापानंच यायचं, मापानंच डब्यातून निघायचं. आणि गूळ मापात कसा भरणार? ढेप काही चिपट्यात बसत नाही. तो तागडीतच जायचा. तेव्हा 'तांदूळ एक शेर, गूळ एक शेर' या दीड ओळीतले दोन शेर एक नव्हतेच. पहिला मापाचा, दुसरा वजनाचा. आजीला हे सांगायची गरज वाटली नाही, आईला लिहायची वाटली नाही. त्या दोघींना कुणी विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या: तांदूळ कुणी तोलतं का? बहिणीच्या सासरी पायली-चिपटी शाबूत होती, म्हणून तिचे अनारसे शाबूत राहिले. आमच्याकडं शिक्षण होतं, म्हणून आमचे बिघडले.

आणि मला एकदम आठवलं. आई वाण्याकडून अनारशाला किलोचाच गूळ आणी. चिरायला बसण्यापूर्वी त्यातला लिंबाएवढा एक खडा काढून दारच्या गाईला देई. गाय नसली तर आम्हाला. मी जन्मभर समजत होतो की हा तिचा धर्म. १००० वजा ९३३ म्हणजे ६७ ग्रॅम. तो धर्म नव्हता, तो दशमान पद्धतीचा हिशेब होता. वाण्याच्या भिंतीवरचा तक्ता तिनं गाईकडून सोडवून घेतला होता.

त्या दिवाळीला हिनं पाव प्रमाणात अनारसे केले. तांदूळ पाच भाग, तर गूळ साधारण चार भाग. डबा मुरला. कढई चढली. मी दारात उभा होतो; आत यायची मला परवानगी नव्हती. पहिला अनारसा तुपात गेला. पसरला, जरासा थबकला, आणि कडेनं जाळी धरायला लागला. एकही हसला नाही.

पहिला तिनं आईच्या फोटोपुढं ठेवला. म्हणाली, "सासूबाई, कुठला शेर ते लिहायचं तरी होतंत." आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, धूर फार झाला. गॅसला धूर नसतो, हे मी तिला सांगितलं नाही. तेहेतीस वर्षांत तेवढं मी शिकलो होतो.

आता तुमच्या लक्षात येईल, मेलबर्नच्या फोनवर ती 'ग्रॅम लिहून घेऊ नकोस' का म्हणाली ते. पण माझा स्वभाव जात नाही. मी म्हटलं, "अगं, सरळ सांगून टाक ना तिला. तांदूळ ११५०, गूळ ९३३. काट्यावर तोलून घेईल. कप नको, वाटी नको, शीग नको. आता चुकायची सोय नाही." तसं माझं म्हणणं काही चूक नव्हतं. वजनात हवा शिरत नाही. पदार्थ परगावी धाडायचा असेल तर तो ग्रॅममध्येच धाडावा, हे मला माझ्या वाटीनं त्या दुपारी शिकवलंच होतं.

ती म्हणाली, "ते मी लिहिलंय." आणि कागद दाखवला. त्यावर स्वच्छ अक्षरात होतं: 'तांदूळ: मापाचा एक शेर, म्हणजे ११५० ग्रॅम. गूळ: वजनाचा एक शेर, म्हणजे ९३३ ग्रॅम.' आणि खाली रेघ मारून: 'हे दोन शेर वेगळे आहेत. मी काही लपवलेलं नाही.'

पुढच्या महिन्यात मुलगा यायचा आहे. त्याच्याबरोबर हा कागद जाईल आणि माप जाईल. त्या देशात परक्या धान्याचा दाणासुद्धा नेऊ देत नाहीत म्हणून हिनं ते चिंच लावून घासलंय, काठाच्या कड्यातून काडी फिरवलीय. त्याच्या सामानात जागा व्हावी म्हणून मेतकूट कमी केलंय, पापड कमी केलेत. मी म्हटलं, "ग्रॅम लिहिलेस, मग माप कशाला? विमानात वजनाचे पैसे पडतात."

"ग्रॅमनं अनारसे होतील," ती म्हणाली. "पण तिनं लवंडलंय ते हे."

यावर माझ्याकडं खुलासा मागण्यासारखं काही नव्हतं. सामानाचा हिशेब तेवढा करावा म्हणून मी सवयीनं ते रिकामं माप काट्यावर ठेवलं. ९४० ग्रॅम भरलं. सात ग्रॅम इकडंतिकडं सोडा. बरोबर एक शेर. वजनाचा.